पैलवानाचा पैसा गेला कुठं? एका वाचकाला उत्तर

नमस्कार.

कुस्ती सुटलेल्या पैलवानांच्या हलाखीवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऐन उमेदीत या लोकांनी बक्षिसं घेतली, फेटे बांधून मिरवून घेतलं, तेव्हा चार पैसे गाठीला ठेवले नाहीत, मग म्हातारपणी सरकारनं का पोसायचं? शेतकऱ्याला कोण विचारतं? आणि माजी क्रिकेटपटू विनोद कांबळींचं नाव घेऊन तुम्ही लिहिलंय, "हातचं घालवणाऱ्यांसाठी गळा काढू नका."

या शेवटच्या वाक्याचा मला राग आला. म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय.

आधी पैशाचं. माझे थोरले चुलते पंधरा वर्षं मातीत कुस्ती खेळले. जत्रेच्या हंगामात बिदागी हातात पडली की पहिली उधारी भागायची ती दूधवाल्याची आणि बदाम देणाऱ्या दुकानदाराची. उरेल ते पावसाळ्यासाठी, कारण पावसाळ्यात मैदानं भरत नाहीत आणि खुराक तर थांबवता येत नाही. घरची एक म्हैस त्यांच्या नावानं राखलेली होती. तिचं दूध आजीनं कधी डेअरीला घातलं नाही, आम्हा पोरांना चहापुरतंसुद्धा नाही. म्हणजे चुलते घराला पैसे देत होते त्याहून जास्त घर त्यांच्यात घालत होतं. तुम्ही ज्याला कमाई म्हणता ती अशी रोजच्या रोज अंगात जिरत होती. आणि एकतिसाव्या वर्षी एका निकाली कुस्तीत गुडघा गेला.

शाळा आठवीतच सुटलेली. हातात कसब एकच, समोरच्याचा पट काढायचा, म्हणजे पाय धरून त्याला पाडायचं. पुढं एका कारखान्याच्या गेटवर हंगामी वॉचमन म्हणून लागले. गाळप बंद झालं की पगार बंद. मेहनत सुटली पण भूक सुटली नाही, अंग सुटत गेलं, मग साखरेचा आजार, मग दुसराही गुडघा. हे मी चुलत्यांचं सांगतोय, पण तुमच्या तालुक्यातल्या कुठल्याही तालमीत जाऊन वस्तादांना विचारा, ते अशी पाच माणसं सांगतील. यात उधळपट्टी कुठं बसवायची, तुम्हीच सांगा.

पूर्वी हा खुराक दरबारातून मिळायचा. शाहू महाराजांनी मल्ल पदरी ठेवले, खासबागचं मैदान बांधलं. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झालं आणि तो आश्रय संपला. पुढं काही साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिलं, तेही खेळतोय तोवरच. दरबार म्हाताऱ्या मल्लाकडंही बघायचा. त्याच्या जागी कोणीच आलं नाही, माझं सगळं म्हणणं इथं आहे.

आता तुमचा नियम खाशाबा जाधवांना लावून बघा. गोळेश्वरचे, कऱ्हाडजवळचे. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझ घेऊन आले आणि कुस्त्या लावून ते पैसे फेडायला लागले. उधळले नाहीत, फेडले! १९५५ मध्ये पोलिसात फौजदार झाले, २७ वर्षं नोकरी केली. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ज्यानं आणलं, सरकारी नोकरीत ज्यानं हयात घालवली, त्या माणसाला पेन्शनसाठी झगडावं लागलं. १९८४ मध्ये ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. त्यांनी कुठं हातचं घालवलं होतं?

कांबळींच्या खासगी आयुष्याचा हिशेब मी मांडणार नाही, तो माझा अधिकार नाही. १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं मारणारा हा माणूस तेविसाव्या वर्षी शेवटची कसोटी खेळला, एवढं मात्र लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी उघडपणे सांगितलं की बोर्डाच्या महिना ३०,००० रुपयांच्या पेन्शनवरच घर चालतंय. तुम्हाला त्यात फजिती दिसली. मला ते ३०,००० दिसले. क्रिकेट बोर्डानं २००४ पासून जुन्या खेळाडूंना पेन्शन सुरू केली, २०२२ मध्ये ती बरीच वाढवली. ही भीक नव्हे. त्या खेळानं जो पैसा मिळवला त्यातला हा खेळाडूचा वाटा. मातीतल्या पैलवानाच्या मागं असं कुठलं बोर्ड आहे?

मोठे किताब जिंकलेल्या मल्लांना सरकारी मानधन आहे, ते वाढवल्याची घोषणाही जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या वेळी झाली. पण हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरीची गदा उचलणारे मोजकेच. नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याला मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. चुलत्यांनी शंभरावर मैदानं मारली असतील. जत्रेतल्या कुस्तीचं प्रमाणपत्र कोण देतं? नारळ आणि फेटा देतात.

शेतकऱ्याचं तुम्ही विचारलंत. पैलवान आणि शेतकरी ही दोन माणसं नाहीत हो. तालमीत पोर येतं ते कोरडवाहू दोन एकरवाल्याचंच. त्याच्या खुराकासाठी बापानं विकलेली जमीन परत येत नाही.

एक गोष्ट मात्र तुमची बरोबर आहे. "समाज कृतघ्न आहे" असं मी मूळ लेखात लिहिलं होतं, ते मागं घेतो. चुलत्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तालमीतल्या जुन्या गड्यांनी आणि गावानं वर्गणी काढली होती. मला हे माहीत असताना मी तसं लिहायला नको होतं. लोक देतात. पण दर वेळी वर्गणीची वही फिरवावी लागते, आणि ज्यानं खांद्यावर बसून मिरवून घेतलं त्याला त्या वहीकडं बघवत नाही. चुलते त्या महिन्यात दाराबाहेर आले नव्हते.

तुम्ही विचारलंत, उपाय काय. माझ्यापुरतं सांगतो. आमच्या गावच्या यात्रा कमिटीला अर्ज दिलाय: दर मैदानाच्या इनामाच्या रकमेतला दहावा भाग वेगळ्या खात्यात ठेवावा, त्यातून खेळणाऱ्या पोरांचा अपघात विमा काढावा आणि उरेल ते गावच्या जुन्या मल्लांच्या औषधाला द्यावं. शिवाय तालमीतल्या पोराची बारावी किंवा आयटीआय होईपर्यंत वस्तादांनी त्याला बाहेरगावच्या मैदानाला पाठवू नये. यावर दोघा वस्तादांशी माझं भांडण झालंय, ते म्हणतात पोरगं गार पडतं. पाडव्यानंतर बैठक आहे. तुमच्या गावातही मैदान भरतं असं तुम्ही लिहिलंय. तिथं इनामाचा पैसा कसा गोळा होतो आणि हिशेब कोण ठेवतं, तेवढं कळवाल का?