पाणी लेव्हल होतं, पूल होत नाही

'अर्ध्या तासात फार्महाऊसवर स्विमिंग पूल' हा व्हिडिओ आधी तिघांनी पाठवला होता, सोडून दिला. शनिवारी तोच साडूंनी घरच्या ग्रुपवर टाकला. त्यांचा पूल (खड्डा न खणता, पायांच्या सांगाड्यावर जमिनीवरच उभा करायचा तयार फ्रेम पूल) येऊनही पडला होता, जागाही ठरली होती: विहिरीकडे उतरणारी काळ्या मातीची पट्टी. डुंबायला माझीही पोरं जाणार, म्हणून हा खटाटोप.

व्हिडिओ म्हणतो, 'थोडा उतार चालतो, पाणी आपोआप लेव्हल होतं.' अहो, तिथंच तर घोटाळा आहे! पूल तिरका असला तरी पाणी आडवंच राहतं. 15 फूट व्यासाच्या, 4 फुटी पुलात साधारण 17 हजार लिटर, म्हणजे 17 टन पाणी मावतं. जमीन 4 इंच उतरती धरा. वरच्या कडेला 40 इंच पाणी असेल तेव्हा खालच्या कडेला 44. भिंतीवरचा रेटा पाण्याच्या उंचीच्या वर्गाने वाढतो. खालच्या बाजूला तो 21 टक्के जास्त. त्यात तिकडचे सांगाड्याचे पाय आधीच बाहेर कललेले. ते सरकले की सगळं पाणी एका दमात त्याच बाजूला सुटणार, आणि आत पोरं.

'खोलगट भागात वाळू भरा.' इंटेक्स कंपनीच्या फ्रेम पूलसोबतची पुस्तिका बघा: जागा पूर्ण सपाट आणि घट्ट हवी, उतार, चिखल, वाळू, भुसभुशीत माती चालणार नाही. खोक्यातच असते ती, पण वाचतो कोण? उंच भाग खणून सखल भागाच्या पातळीला आणायचा असतो. काळी माती तर ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. ती उपसून मुरूम टाका, थराथरानं पाणी मारून धुमसा. खडे टोचू नयेत म्हणून पक्क्या जमिनीवर इंचभर चाळलेली वाळू पसरणारे आहेत, तेवढं एक मान्य. पण तिनं उतार काढायचा नसतो.

'खालचं गवत मरून जातं.' लव्हाळा? तो शेतात अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर फोडून वर येतो, पुलाच्या तळाला काय सोडणार? कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

गच्चीवर लावायचं तर बोलूच नका. 42 इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला टनाहून जास्त वजन.

'लेव्हल नजरेनं कळते.' रविवारी गवंड्याची लेव्हल बघायची, पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन गेलो, 15 फुटांवर दोन खुंट्या ठोकल्या. साडूंच्या नजरेला उतार होता दीड-दोन इंच. नळीत निघाला 7. ''हवा अडकली असेल,'' साडू म्हणाले. बुडबुडा काढून पुन्हा मापलं. 7.