घरकाम केलं की व्यायाम झाला, हे खरं नाही

एक मजकूर दर थोड्या महिन्यांनी नवा फोटो लावून फिरतो. सार असं: केर काढला की कंबर बारीक राहते, लादी पुसली की पोट आत जातं, कणीक मळली की दंड सुटत नाहीत. आपल्या आज्या जात्यावर दळायच्या आणि ठणठणीत होत्या. तेव्हा कामाच्या मावशी बंद करा, जिमचे पैसे वाचवा. व्यायामाची गरज ऑफिसात बसून राहणाऱ्या पुरुषांना असते, घर सांभाळणाऱ्या बाईला नाही. अनोळखी माणसांशी यावर वाद घालताना हेच मुद्दे पुन्हा पुन्हा समोर येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

घरकामात शरीर हलतं, एवढं अगदी मान्य. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत हालचाल सलग दहा मिनिटं झाली तरच मोजायची, ही जुनी अटही काढून टाकली. थोडीथोडकी हालचालही धरायची, घरातलीसुद्धा. पण त्याच सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगितली आहे. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, इतका श्वास वाढवणारी. आता आपला दिवस आठवा. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना, ओट्यापाशी भांडी घासताना आपण सहज गुणगुणतो. खाली बसून लादी पुसताना किंवा हाताने चादरी धुताना श्वास वाढतो, पण बहुतेक शहरी घरांत ही कामं थोडा वेळ चालतात. बाकीचे तास एका जागी उभं राहण्यात जातात, आणि त्याने पाय दुखतात, दम वाढत नाही.

यावर लोक म्हणतात, आकडे दाखवा. 2024 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार 2022 साली भारतातल्या सुमारे 57 टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांमध्ये हे प्रमाण 42 टक्के होतं. त्यात फक्त मैदानावरचा किंवा जिममधला व्यायाम मोजलेला नाही. नोकरीतलं काम, घरकाम, पायी जाणं-येणं, फावल्या वेळेतली हालचाल, सगळं धरलं आहे. केर, फरशी, धुणं हिशेबात घेऊनही निम्म्याहून अधिक बायका कमीच पडतात. फिरणाऱ्या मजकुराला याहून थेट उत्तर माझ्याकडे नाही.

शिवाय ताकदीचा प्रश्न उरतोच. त्याच सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना जोर देणारा व्यायाम सांगितला आहे. स्नायू वाढतो तो भार हळूहळू वाढवल्यावर आणि मध्ये विश्रांती मिळाल्यावर. कणकेचा गोळा वर्षानुवर्षं तेवढाच असतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) कमी होतं आणि हाडांची झीज वेगाने होते. तेव्हा मांड्या, पाठ आणि तोल यांची आधी केलेली तयारी कामाला येते. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या बायका आपल्या प्रत्येकीच्या नात्यात आहेत, आणि त्यातल्या बहुतेकींनी जन्मभर घरकामच केलेलं असतं.

आता आज्या. हा मुद्दा मांडणाऱ्यांचा आजीवरचा जीव खरा असतो, म्हणून मी तो झटकून टाकत नाही. जातं, उखळ, विहिरीचं पाणी, सरपणाची मोळी हे श्रम आजच्या मिक्सर-गॅसच्या घरकामापेक्षा कितीतरी जड होते, म्हणून दोन्हींची तुलनाच होत नाही. आणि ठणठणीत कोण होतं? स्वातंत्र्याच्या वेळी भारतातलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. आपल्याला आठवते ती म्हातारपणापर्यंत पोचलेली आजी. बाळंतपणात गेलेली तिची जाऊ कुणाला आठवत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या ऐका. त्यात माहेर आहे, विठ्ठल आहे, आणि दळून-कांडून शिणलेला जीवही आहे. त्या बायकांना दळण हा व्यायाम वाटत नव्हता.

कामाच्या मावशी बंद करा, हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. घरकामाने शरीर घडत असतं तर दिवसाला चार-पाच घरांची धुणीभांडी करणाऱ्या बाईचं शरीर सगळ्यांत सुदृढ असायला हवं होतं. तिला विचारा. गुडघे, कंबर, साबणाने फुटलेले हात, वाकून वाकून धरलेली मान, हेच ऐकायला मिळेल. ती थांबू शकत नाही, दुखलं म्हणून आज कमी करू शकत नाही. व्यायामात हेच दोन्ही आपल्या हातात असतं. महाराष्ट्रात घरकामगारांसाठी 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, कारण हे कष्टाचं काम आहे आणि त्यावर घरं चालतात. आपली कंबर बारीक व्हावी म्हणून तिची रोजी तोडा, असं कुणी सहज लिहून जातं तेव्हा मला राग येतो.

जिमच्या पैशांचं म्हणाल तर जिम लागतच नाही. भरभर चालणं, सूर्यनमस्कार, खुर्चीवरून हात न टेकवता उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं याला खर्च नाही.

वेळ मात्र लागतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात असं दिसलं. घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटं. त्या 289 मिनिटांनाच व्यायाम म्हटलं की तिच्या वाटणीचा अर्धा तास कुणाला द्यावाच लागत नाही. बसून काम करणाऱ्या पुरुषांना हालचाल हवी, हे त्या मजकुरातलं म्हणणं मला पूर्ण पटतं. मग रात्रीची भांडी आणि सकाळचा केर त्यांनी घ्यावा. तेवढ्या वेळात ती भरभर चालून येईल, आणि तिच्या पायात चपला दिसल्या की “चहा टाकून जा” असं घरातल्या कुणी म्हणू नये.