खुलासा: ब्रिटनमधल्या बाळंतिणींना आधी वाचवलं ते पेनिसिलिनने नव्हे

‘फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधलं आणि लगेच ब्रिटनमध्ये बाळंतज्वराने होणारे मृत्यू थांबले’ असा मेसेज फिरतोय. साल बरोबर आहे, पुढचं चूक.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात बुरशीजवळचे जंतू मरताना फ्लेमिंग यांना दिसले हे खरं, आणि १९२९ मध्ये त्यांनी ते छापलंही. पण त्यातलं औषध शुद्ध करून टिकवणं त्यांना जमलं नाही. ते केलं फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ऑक्सफर्डमध्ये, तेही दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर. बुरशी वाढवायला त्यांनी रुग्णालयातली बेडपॅन वापरली होती! १९४१ मध्ये एका पोलिसाला ते टोचलं, तो सुधारूही लागला. लघवीतून औषध परत काढूनही साठा पुरला नाही आणि तो दगावला.

मग दोन युद्धांच्या मधल्या काळात बाळंतिणींना कोणी वाचवलं? जर्मनीत डोमाक यांनी गुण सिद्ध केलेल्या प्रॉन्टोसिल या लाल रंगद्रव्याने. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी ते ३८ बायकांना दिलं, दगावल्या तिघी. हे आकडे १९३६ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेले आहेत. तोवर हा ताप म्हणजे घरोघरी धास्ती होती, म्हणून कोलब्रुक यांचं नाव असं पुसलं जाणं मला फार लागतं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर आला असेल, तिथे हा खुलासा टाका.