सॉफ्टवेअर मशीनवर पोहोचत नाही? ‘परमिशनचाच घोळ’ नसतो

ग्रुप पॉलिसीतून (विंडोजच्या सर्व्हरवरून सगळ्या मशीनना एकदम नियम आणि सॉफ्टवेअर पाठवण्याची सोय) सॉफ्टवेअर पाठवलं आणि ऑफिसातल्या मशीनवर ते आलंच नाही, तर काय करायचं? ॲडमिन मंडळींमध्ये यावर एक संदेश फिरत असतो. त्यातली सहा कलमं थोडक्यात अशी: शेअर फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल द्या, मशीनवर ‘जीपीअपडेट फोर्स’ (पॉलिसी ताबडतोब ताजी करणारी कमांड) चालवा, युजरला लोकल ॲडमिन करा, फायरवॉल आणि अँटीव्हायरस बंद करा, १६०३ एरर आली तर सेटअपची फाइल खराब आहे असं समजून नवी उतरवा, तरीही जमलं नाही तर मशीन डोमेनमधून (ऑफिसातली मशीन आणि युजर जिथे एकत्र नोंदलेले असतात त्या जाळ्यातून) काढून पुन्हा जोडा. आणि खाली ठळक निष्कर्ष: परमिशनचाच घोळ असतो, दुसरं काही नसतं.

हा संदेश टिकून राहण्याचं कारण साधं आहे. तो पाळल्यावर बऱ्याचदा सॉफ्टवेअर खरोखरच येतं. ते का येतं याचं उत्तर दुसऱ्या कलमात दडलंय, म्हणून क्रम मोडून आधी तेच घेतो.

‘जीपीअपडेट फोर्स चालवा, लगेच येईल.’

चालवायला हरकत नाही, पण लगेच काही येणार नाही. ग्रुप पॉलिसी मशीन चालू होताना आणि युजर लॉगिन करताना लागू होते, आणि त्यानंतर साधारण दर ९० मिनिटांनी (अधिक ० ते ३० मिनिटं, सगळी मशीन एकदम सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून) मागच्या मागे ताजी होत राहते. सॉफ्टवेअर बसवण्याचं काम मात्र स्टार्टअपला किंवा लॉगिनलाच होतं, या मागच्या फेऱ्यांमध्ये नाही. ‘फोर्स’ लावल्याने हा नियम बदलत नाही. म्हणून तर ती कमांड शेवटी विचारते, की काही पॉलिसी फक्त स्टार्टअपला चालतात, रीस्टार्ट करू का? आपण ‘एन’ दाबतो, खिडकी बंद करतो आणि सॉफ्टवेअर आलं नाही म्हणून कुरकुरतो.

यात आणखी एक गोम आहे. विंडोज एक्सपीपासून क्लायंट मशीन सुरू होताना नेटवर्कसाठी थांबून राहत नाही. लॉगिनची स्क्रीन लवकर यावी म्हणून पॉलिसी मागाहून वाचली जाते. सॉफ्टवेअर बसवायचं आहे हे तेव्हा मशीनला कळतं, पण वेळ निघून गेलेली असते. मग ते काम पुढच्या स्टार्टअपवर ढकललं जातं. इव्हेंट लॉगमध्ये (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत) १२७४ हा आकडा दिसतो तो याचाच. पुढच्या वेळी मशीन थांबतं आणि सॉफ्टवेअर गुपचूप बसतं. म्हणजे पहिल्या रीस्टार्टला काहीच नाही आणि दुसऱ्याला सगळं सुरळीत. मधल्या वेळात ॲडमिनने जे काही केलं असेल, त्याला श्रेय! कोणी परमिशन बदललेली असते, कोणी फायरवॉल बंद केलेली असते. या संदेशातली निम्मी कलमं माझ्या मते या फुकटच्या श्रेयावर जगतात.

खरा उपाय एका पॉलिसीत आहे: ‘ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क ॲट कॉम्प्युटर स्टार्टअप अँड लॉगऑन’. ती सुरू केली की मशीन पहिल्याच खेपेला थांबतं. विंडोज ८ पासून आलेलं फास्ट स्टार्टअप हा दुसरा चोर. ते सुरू असेल तर ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू केलेलं मशीन पूर्ण बूट होतच नाही, आधीची सिस्टीम हायबरनेशनमधून परत उठते. युजर शपथेवर सांगतो की रोज बंद करून चालू करतो, आणि तो खरंच बोलत असतो. त्याला ‘रीस्टार्ट’ करायला सांगा. घरून काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. व्हीपीएन लॉगिननंतर जोडला जात असेल, तर स्टार्टअपला सर्व्हर दिसणारच नाही. आणि दिसला तरी दर सेकंदाला ५०० किलोबिटपेक्षा हळू जोडणीवर सॉफ्टवेअर बसवणं मुळातच टाळलं जातं. अशा लॅपटॉपांसाठी ग्रुप पॉलिसी हे हत्यारच चुकीचं.

‘एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या.’

यात सत्याचा एक कण आहे, तो मान्य करूया. मशीनला नेमून दिलेलं सॉफ्टवेअर कोणीही लॉगिन करण्याआधी बसतं. शेअरवरची फाइल उघडायला तेव्हा युजर नसतोच, मशीनचं स्वतःचं डोमेन खातं असतं. शेअरवर फक्त ‘डोमेन युजर्स’ना परवानगी दिली असेल, तर ॲडमिनला फाइल दिसते, युजरला दिसते, मशीनला मात्र दिसत नाही. ‘एव्हरीवन’मध्ये मशीनची खातीही येतात, म्हणून तो उपाय लागू पडतो.

पण लागतं ते फक्त वाचण्यापुरतं. ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ किंवा ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ना रीड, शेअरच्या आणि एनटीएफएसच्या (डिस्कवरच्या फाइलींच्या) दोन्ही परमिशनमध्ये, कारण दोघांपैकी जी कडक तीच चालते. (शेअरला फुल कंट्रोल ठेवून एनटीएफएस घट्ट ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. संदेश दोन्हीकडे मोकळं सोडायला सांगतो.) तसं सोडलं तर काय होतं बघा: ज्या फाइलमधून उद्या प्रत्येक मशीनवर सिस्टीम खात्याच्या (विंडोजच्या स्वतःच्या, सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकारात काहीतरी बसणार आहे, ती फाइल ऑफिसातला कोणीही बदलून ठेवू शकतो. सगळ्या मशीनचा ताबा वाटून टाकण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी सुचत नाही.

आणि १६१२, म्हणजे ‘सेटअपचा स्रोत सापडत नाही’, ही एरर आली तर परमिशनइतकाच पत्ता तपासा. पॅकेज जोडताना सर्व्हरवर बसून ‘डी’ ड्राइव्हमधून फाइल निवडली असेल, तर तोच पत्ता पॉलिसीत जातो आणि प्रत्येक मशीन स्वतःच्या ‘डी’ ड्राइव्हमध्ये शोधत बसतं. पत्ता सर्व्हरच्या आणि शेअरच्या नावाने सुरू व्हायला हवा. तो नंतर दुरुस्त करता येत नाही, पॅकेज काढून नव्याने जोडावं लागतं.

‘युजरला लोकल ॲडमिन करा.’

वर सांगितलं तेच: बसवणारा युजर नाहीच. त्याला ॲडमिन केल्याने सिस्टीम खात्याला काही फरक पडत नाही. ‘पण हाताने चालवलं की बसतं!’ हो, कारण हाताने चालवताना ‘नेक्स्ट’ दाबायला माणूस असतो, जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह असतात, स्वतःचं प्रोफाइल असतं. सिस्टीम खात्याकडे यातलं काही नाही. चाचणी त्याच परिस्थितीत करायची असेल तर ‘पीएसएक्झेक’ या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने सिस्टीम म्हणून कमांड विंडो उघडा आणि सायलेंट स्विच (काही न विचारता बसवण्याचा पर्याय) लावून सेटअप तिथून चालवा. बऱ्याच ‘गूढ’ अडचणी तिथे पाच मिनिटांत उघड्या पडतात.

याच गोंधळाचं दुसरं रूप म्हणजे सिक्युरिटी फिल्टरिंगमध्ये (पॉलिसी कोणाला लागू होईल हे ठरवणाऱ्या यादीत) युजरांचा ग्रुप टाकणं. सॉफ्टवेअर मशीनला नेमलंय, तर ग्रुपही मशीनचा हवा. मशीन ग्रुपमध्ये आत्ताच घातलं असेल तर तेही त्याला रीस्टार्टनंतर कळतं. जून २०१६च्या सुरक्षा अपडेटपासून (एमएस१६-०७२) युजरच्या पॉलिसीसुद्धा मशीनच्या खात्याने वाचल्या जातात. ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ सरसकट काढून टाकले आणि ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ना रीड दिलं नाही, तर पॉलिसी लागूच होत नाही.

‘फायरवॉल आणि अँटीव्हायरस बंद करा.’

मशीन स्वतः सर्व्हरकडे ४४५ पोर्टवर (फाइल शेअरिंगच्या दारावर) जातं. विंडोजची फायरवॉल बाहेर जाणारी वाहतूक मुळात अडवत नाही, त्यामुळे तिथे ती बंद करून मिळायचं काय? अँटीव्हायरस क्वचित सेटअप अडवतो, हे खरं. पण मग त्याच्या नोंदीत तसं दिसतं, आणि तेवढ्याच फाइलला सूट देता येते.

‘१६०३ म्हणजे फाइल खराब.’

१६०३ म्हणजे ‘काहीतरी बिनसलं’, एवढंच. पॅकेज उघडताच आलं नाही तर वेगळा आकडा येतो, १६१९. दुसरं इन्स्टॉलेशन आधीच चालू असेल तर १६१८. ३०१० दिसला तर घाबरू नका. सॉफ्टवेअर बसलंय, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. १६०३साठी एमएसआयचा (विंडोजच्या सेटअप फाइलचा) सविस्तर लॉग काढा, त्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा आणि त्याच्या वरच्या काही ओळी वाचा. कारण बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

‘डोमेनमधून काढून पुन्हा जोडा.’

मशीन आणि डोमेनमधला विश्वासच तुटला असेल तर याचा उपयोग आहे. पण तो तुटलाय की नाही हे पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल’ एका ओळीत सांगतं, आणि ‘रिपेअर’ लावलं तर जोडूनही देतं. घड्याळही बघा, डोमेन कंट्रोलरच्या (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरच्या) वेळेत आणि मशीनच्या वेळेत ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवण्याची पद्धत) ओळख नाकारतं. हे न बघता मशीन काढलं, जुनं खातं पुसलं आणि पुन्हा जोडलं, तर नवं खातं सहसा ‘कॉम्प्युटर्स’ या मूळ कप्प्यात जाऊन पडतं. त्या कप्प्याला ग्रुप पॉलिसी जोडताच येत नाही. तुमची पॉलिसी विभागाच्या ओयूवर (डोमेनमधल्या त्या विभागाच्या कप्प्यावर) असते, मशीन ओयूबाहेर, आणि आधी निदान एरर तरी येत होती, आता तीही येत नाही. ‘जीपीरिझल्ट’चा अहवाल काढला तर लागू झालेल्या पॉलिसींच्या यादीत तुमच्या पॉलिसीचं नावच नसेल.