शेती आली, पण रान सुटलं नाही
शेती हाती आली आणि माणसाने शिकार, कंदमुळं सोडून दिली, हे तुमच्या लेखमालेतलं विधान मला पटलं नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातलं इनामगावच बघा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ मध्ये तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० च्या सुमाराचं हे गाव; सातू पिकत होता, पाटाचं पाणी होतं, तरी हरणांची हाडंही मिळाली. इ.स.पू. १००० नंतर तर मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीवरची भिस्त वाढली. उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर सरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला.

आमच्या ठाण्यात येऊरच्या पाड्यांवरच्या बायका आजही पावसाळ्यात रानातून शेवळं, फोडशी, करटोली अशा रानभाज्या खुडून बाजारात आणतात. पुढच्या भागात इनामगाववर सविस्तर लिहाच.