चित्रगुप्ताची वही आणि ‘अल्टिमा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना खेळाडू’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकास नमस्कार.

‘अल्टिमा’ या जुन्या संगणक-खेळांच्या मालिकेचे चौथा, पाचवा आणि सहावा असे तीन भाग ओळीने पुन्हा खेळायला घेतलेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं आणि तुमची प्रतिक्रिया जवळपास लेखाएवढीच लांब आली. राग मुळीच नाही, उलट इतकं बारकाईने कुणी वाचलं याचंच बरं वाटलं. दोन ओळींत उत्तर देऊन सुटावं म्हणत होतो, पण जमलं नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. ‘अल्टिमा ४’ला मी ‘नीतीचा खेळ’ म्हटलं, पण तो आकडेमोडीचा खेळ आहे : भिकाऱ्याला एक नाणं दिलं की करुणा वाढते, आणि ज्याला ही मेख कळली तो दुपारभरात संत होतो. दुसरं, ‘अवतार’ हा आपला शब्द उचलून खेळ करणाऱ्यांनी उलटा वापरला (सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ होणं हेच या खेळाचं उद्दिष्ट). आणि तिसरं, १९८५ साली महाराष्ट्रात अॅपल टू (हा खेळ ज्यावर आला तो संगणक) कुणाकडे होता, मग ही स्मरणरंजनाची उबळ कसली? शिवाय मी सालही चुकवलं होतं. ते आधी मान्य करतो. १९८४ नव्हे, १९८५. दुरुस्त केलंय. ‘खलनायक नसलेला पहिलाच खेळ’ यातला ‘पहिलाच’ही मागे घेतो, तो उत्साहाच्या भरात पडला.

तिसरा आक्षेप लगेच निकालात काढतो, कारण त्यात वादच नाही. १९८५ साली मी कुडाळला दुसरीत होतो आणि संगणक फक्त चित्रात पाहिला होता. चौथा भाग मी पहिल्यांदा खेळलो तो २०११ मध्ये पुण्यात, तो अधिकृतपणे फुकट मिळायला लागला तेव्हा. म्हणजे लहानपणची आठवण वगैरे काही नाही. तेहतिसाव्या वर्षी, रात्री जेवणं झाल्यावर, दोनशे पानी वही शेजारी ठेवून खेळलोय. वही लागतेच, कारण खेळ तुमच्यासाठी काहीही टिपून ठेवत नाही. गावातल्या माणसाला नाव विचारायचं, काम विचारायचं, त्याच्या उत्तरातला एखादा शब्द पकडून तोच पुन्हा टाइप करायचा. शब्दाची पहिली चारच अक्षरं खेळ बघतो, हे कळायला मला आठवडा लागला.

आता मुख्य मुद्दा. आकडेमोड आहे का? आहे. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता असे आठ गुण, प्रत्येकाचा एक आकडा, वरची मर्यादा नव्व्याण्णव. पण तुम्ही एक गोष्ट गाळलीत : हे आकडे पडद्यावर कुठेही दिसत नाहीत. हल्लीच्या कितीतरी खेळांत चांगुलपणाची पट्टी कोपऱ्यात चमकत असते, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून दिला की लगेच पुढे सरकते. इथे ती वही चित्रगुप्ताकडे असते. खेळातला राजा लॉर्ड ब्रिटिश, त्याच्या किल्ल्यात हॉकविंड नावाचा एक द्रष्टा बसलेला असतो, त्याला मुद्दाम जाऊन विचारलं तरच तो सांगतो, आणि तेही गोलगोल शब्दांत.

माझाच किस्सा सांगतो. मंत्रतंत्रासाठी लागणारी लसूण, जिनसेंग, कोळ्याचं जाळं असला माल विकणारी बाई आंधळी असते. ती रक्कम सांगते आणि किती पैसे ठेवायचे ते आपण टाइप करायचं. मी एक टाइप केलं. बाईने काहीच म्हटलं नाही, आभारच मानले. मला वाटलं, वा, प्रोग्राममध्ये चूक सापडली! पुढचे चार दिवस मी त्या बाईला लुटलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश राहिलो. मग कधीतरी सहज हॉकविंडकडे गेलो, प्रामाणिकपणाबद्दल विचारलं, आणि त्याने मला चोर म्हणून जे काही सुनावलं, की रात्री साडेअकराला खुर्चीत कान गरम झाले. तिथे चूक कुणाची नव्हतीच. बाई आंधळी ठेवली होती ती माझ्यासाठी. लुटलं की प्रामाणिकपणा, न्याय आणि मान हे तिन्ही एकदम खाली येतात.

तुम्ही म्हणाल, पण एकदा हे कळलं की उरला तो हिशेबच. इथे तुमचं बरोबर आहे, आणि हे मी मागच्या लेखात लिहायला हवं होतं. यंदा पुन्हा खेळताना त्या बाईला प्रत्येक वेळी पूर्ण पैसे मोजले आणि त्यात चांगुलपणा तसूभरही नव्हता. दानपेटीत पैसे टाकताना आजूबाजूला कोण बघतंय ते पाहावं, तसं. चौथा भाग एकदाच खरा खेळता येतो. दुसऱ्यांदा आपण चित्रगुप्ताचे कारकून होतो.

मात्र सुरुवातीची प्रश्नोत्तरं दुसऱ्यांदाही बोचली. जत्रेतली एक जिप्सी बाई सात प्रश्न विचारते, प्रत्येक प्रश्नात दोन गुण समोरासमोर. न मोजलेल्या मोहरांची थैली कुणीतरी विश्वासाने पोचवायला दिलीय आणि वाटेत भिकारी भेटतो : थैली जशीच्या तशी पोचवायची, की त्यातलं एक नाणं त्याला द्यायचं? कुणाला कळणारही नाही. आठातले चार बाद, मग दोन, मग एक, आणि जो गुण उरेल त्यावरून तुम्ही कोण ते ठरतं. मी साळसूदपणे दर वेळी नम्रता निवडली, तर खेळाने मला मेंढपाळ केलं, सगळ्यांत दुबळं पात्र, आणि नेऊन टाकलं मॅजिन्शियाच्या भुताळ अवशेषांत. गर्वाने बुडालेलं शहर ते. नम्र माणसाची खेळाने केलेली ही थट्टा मला अजून आवडते.

आता ‘अवतार’. व्युत्पत्ती तुम्ही अचूक सांगितलीत : अवतार खाली उतरतो, आणि या खेळात माणूस साधना करत वर चढून ‘अवतार’ होतो. म्हणजे आपण ज्याला सिद्ध म्हणू त्याला त्यांनी अवतार म्हटलं. खेळाचा कर्ता रिचर्ड गॅरियट टेक्सासमध्ये वाढलेला, वडील स्कायलॅबवर जाऊन आलेले अंतराळवीर, आणि चौथा भाग आला तेव्हा तो चोवीस वर्षांचा. त्याने इजिप्तचा आंख (वर कडी असलेल्या क्रूसासारखं चिन्ह) घेतला, आपला ओम् घेतला (अध्यात्माचा मंत्र तोच आहे), अवतार घेतला आणि भेळ केली. भेळेला भेळ म्हणायला माझी हरकत नाही.

पण शब्दाच्या सोवळेपणाबद्दल आपण फार बोलू नये. रंगपंचमीला दारात उभ्या राहिलेल्या पोराला आमची आजी म्हणायची, “काय हा अवतार!” आमच्या सिंधुदुर्गात दशावताराची रात्र असते, त्यात विडी ओढत बसलेला शेजारचा माणूस तासाभराने विष्णू होऊन येतो आणि लोक खरोखर हात जोडतात. आणि मला वाटतं, गॅरियटच्या हातून तो शब्द नकळत बरोबरच पडलाय. खेळाची सुरुवात बघा : तुम्ही याच जगात, स्वतःच असता. कुरणात एक निळं चंद्रद्वार उघडतं, पुस्तक आणि आंख हाती लागतो, आणि तिथून तुम्ही ब्रिटानियात, म्हणजे खेळातल्या राज्यात, जाता. कुठल्याशा योद्ध्याची भूमिका नाही करायची, तुम्हीच जायचं, असा गॅरियटचा आग्रह होता. ते सात प्रश्न त्यासाठीच आहेत. म्हणजे वरच्या जगातून कुणीतरी खालच्या जगात उतरलंच की! पडद्यावरच्या आपल्या बाहुलीला आज सगळे अवतार म्हणतात, त्याला ही उतरण्याची दिशा चपखल बसते.

तुमच्या आकडेमोडीच्या आक्षेपाला खरं उत्तर मात्र मी देण्याची गरज नाही. ते १९८८ सालच्या पाचव्या भागाने दिलंय, आणि तुम्ही ‘चौथ्यानंतर सोडून दिला’ असं लिहिलंत तिथेच मला हळहळ वाटली. पाचव्या भागात राजा लॉर्ड ब्रिटिश गायब झालेला असतो आणि त्याच्या जागी बसलेला ब्लॅकथॉर्न त्याच आठ गुणांचे आठ कायदे करतो. खोटं बोललास तर जीभ जाईल. अर्धं उत्पन्न दान कर, नाहीतर उत्पन्नच राहणार नाही. आव्हान आलं तर मरेपर्यंत लढ, नाहीतर भित्रा म्हणून हद्दपार. वरिष्ठांपुढे नम्र हो, नाहीतर त्यांचा कोप ओढवेल. नम्रतेचं शेवटी हेच होतं, कुठल्याही कचेरीत जाऊन बघा. तुम्ही म्हणता तसा हिशेब मांडून सद्गुण वसूल करता येतो, हे गॅरियटलाही दिसलं असणार. त्याने त्या हिशेबाला सिंहासनावर बसवून दाखवलं.

त्याच भागात एका तळघरात पिंजऱ्यांत कोंडलेली मुलं भेटतात. पिंजरे उघडले की ती तुमच्यावर हल्ला करतात. खेळ तपासणाऱ्यांपैकी एकाने ही खोली काढून टाका असा आग्रह धरला होता, गॅरियटने ती ठेवली. मारलंच पाहिजे असं काही नाही. झोपेचा मंत्र टाकून निसटता येतं, नाहीतर पिंजरे उघडूच नयेत. मी पहिल्यांदा काय केलं ते इथे लिहीत नाही.

आणि मग १९९० चा सहावा भाग, ‘खोटा प्रेषित’. चौथ्यात आपण सगळ्या खटपटी करून पाताळाच्या तळापर्यंत गेलो आणि परमज्ञानाचा ग्रंथ, कोडेक्स, मिळवला. संत झालो. सहाव्यात पहिल्याच दृश्यात लाल कातडीचे, शिंगंवाले गारगॉइल तुम्हाला वेदीवर बांधून बळी द्यायला निघालेले असतात. राक्षसच ते, मारा. मी खूप मारले. मग त्यांची भाषा शिकावी लागते, त्यांचा ग्रंथ वाचावा लागतो, आणि कळतं की कोडेक्स त्यांचा होता. तुमच्या पुण्याईने त्यांचं जग कोसळलंय. खोटा प्रेषित म्हणजे तुम्ही. त्यांचेही सद्गुण आहेत, फक्त पाया वेगळा : संयम, आवेग, उद्यम. शेवटी तो ग्रंथ दोघांपैकी कुणालाच मिळत नाही, पोकळीत पाठवला जातो, आणि दोन्ही बाजूंनी तो लांबून वाचायचा.

एकाच माणसाने स्वतःच्या पाच वर्षांपूर्वीच्या उपदेशाची अशी उलटतपासणी घेतलेली मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही. म्हणून मी तिन्ही भाग एकत्र वाचतो. हो, वाचतो. सुटा चौथा भाग तुमच्यापुढे ठेवला असता तर तुमची प्रतिक्रिया मीच लिहिली असती.

सातव्याबद्दल (१९९२) वेगळं लिहीन. त्यात पीठ, पाणी आणि भट्टी घेऊन पाव भाजता येतो आणि मी त्यात दोन संध्याकाळी घालवल्यात, एवढंच आता सांगतो. आठव्या आणि नवव्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याला माझा पूर्ण दुजोरा, शिव्यांसकट.

चित्रं बघवत नाहीत, हेही तुम्ही म्हणालात. चौथ्यातली समुद्राची चौकट निळ्या रेघांची आहे आणि झाड म्हणजे हिरवा ठिपका, खरंय. सवय व्हायला तीन दिवस लागतात. त्यानंतर तो ठिपका वडाएवढा दिसतो की नाही, हे तुमच्यावर.

सध्या पाचव्यात आहे. काल रात्री ब्लॅकथॉर्नच्या किल्ल्यात पकडला गेलो. तो एका गुणाच्या देवस्थानाचा मंत्र विचारतो, आणि आपला एक सोबती लोलकाच्या पात्याखाली बांधलेला असतो. सांगितला तर ते देवस्थान उद्ध्वस्त होतं, नाही सांगितला तर सोबती मरतो आणि पुन्हा कधीच उठत नाही. मी नाही सांगितला. खेळाच्या फोल्डरची रविवारची एक प्रत बाजूला ठेवलेली आहे. ती अजून उघडलेली नाही.