मॉमसेन वाचायचा तर पाचव्या खंडापासून

थिओडोर मॉमसेनचं नाव निघालं की ठरलेली माहिती पुढे येते: जर्मन इतिहासकार, 'रोमचा इतिहास', १९०२चं साहित्याचं नोबेल. सगळं खरं आहे. पण ज्या 'रोमच्या इतिहासा'चा त्या पुरस्कारात खास उल्लेख झाला त्याचे पहिले तीन खंड १८५४ ते १८५६मध्ये आले होते, आणि माझ्या मते ते त्याचं सर्वांत वाचनीय काम आहे, सर्वांत मोठं नव्हे.

त्या खंडांची भाषा धावती आहे, माणसं जिवंत आहेत. मात्र जर्मनीतल्या १८४८च्या फसलेल्या क्रांतीत पोळलेला एक तरुण हे लिहितोय, हे जागोजागी कळतं. सॅक्सनीतल्या १८४९च्या उठावाची बाजू घेतल्यामुळे लाइपझिगमधली कायद्याची प्राध्यापकी १८५१मध्ये त्याच्या हातून गेली होती. जर्मनीला न मिळालेला कर्तबगार नेता तो रोममध्ये शोधतो, आणि तो त्याला सीझरमध्ये सापडतो. सीझरच्या काळातला वक्ता आणि राजकारणी सिसेरो याला मात्र तो उथळ ठरवून निकालात काढतो. हा सरळसरळ अन्याय आहे. इ.स.पू. ४६मध्ये सीझरने उत्तर आफ्रिकेत थॅप्ससला मिळवलेल्या विजयापाशी तिसरा खंड थांबतो. सम्राटांचा काळ सांगणारा चौथा खंड त्याने कधी लिहिलाच नाही.

आता शिलालेखांकडे येऊ. डेन्मार्कच्या राजाच्या प्रवासवृत्तीवर तो १८४४मध्ये इटलीला गेला. सान मारिनोत बार्तोलोमेओ बोर्गेसी नावाचा नाणी आणि कोरीव लेखांचा मोठा जाणकार राहत होता. त्याच्याकडे मॉमसेन शिकला आणि मग नेपल्सच्या राज्यात गावोगाव फिरून लेख टिपत राहिला. लॅटिन लेखांच्या जुन्या संग्रहांमध्ये खोट्या लेखांचा सुळसुळाट होता. सोळाव्या शतकातल्या पिर्रो लिगोरिओने तर बनावट लेखांचा ढीग रचून ठेवला होता. मॉमसेन मुळात कायद्याचा माणूस, त्यामुळे त्याने पुराव्याचा नियमच घातला. दगड असेल तर स्वतः जाऊन बघायचा. दगड हरवला असेल तर नक्कल कोणी केली, तो माणूस भरवशाचा होता का, हे तपासायचं. एखादा संग्राहक एकदा खोटेपणात सापडला, की दुसऱ्या कोणाची साक्ष मिळेपर्यंत त्याचा एकही लेख खरा धरायचा नाही.

याच नियमांवर बर्लिनच्या अकादमीचा 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम लॅटिनारम', म्हणजे लॅटिन कोरीव लेखांचा महासंग्रह, उभा राहिला. पहिला खंड १८६३ला निघाला आणि ते काम आजही चालू आहे. यात तो एकटा नव्हता. देशोदेशीच्या अभ्यासकांना त्याने एका शिस्तीत कामाला लावलं, स्वतः खंड संपादले, आणि बनावट वाटलेले लेखही फेकून न देता वेगळी खूण करून छापले, म्हणजे पुढच्या माणसाला पडताळता यावेत. हा भाग मला फार मोठा वाटतो.

सम्राट ऑगस्टसने लिहिलेला आपल्या कारकिर्दीचा वृत्तान्त अंकाराच्या मंदिराच्या भिंतींवर कोरलेला आहे, त्याची आवृत्ती मॉमसेनने १८६५मध्ये काढली. पुढे १८८२मध्ये कार्ल हूमानने त्या भिंतींचे प्लास्टरचे साचे करून बर्लिनला आणले, तेव्हा मॉमसेनने ती सगळी नव्याने तपासली आणि १८८३मध्ये दुसरी आवृत्ती दिली. मधल्या काळात, जुलै १८८०मध्ये, त्याच्या घराला आग लागली. ग्रंथसंग्रह जळालाच, पण ग्रंथालयांतून उसनी आणलेली हस्तलिखितंही गेली. गॉथांचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्डानेसची हायडेलबर्गची जुनी पोथी त्यातच गेली. त्या लेखकाची आवृत्ती त्याने तरीही १८८२मध्ये पुरी केली.

आणि मग १८८५चा पाचवा खंड, रोमच्या प्रांतांचा. दरबारातली कारस्थानं इथे नाहीत. आफ्रिकेतली शेतीवरची गावं, ऱ्हाइनकाठच्या छावण्या, सीरिया, इजिप्त, तिथला कारभार असं सगळं आहे. रोमच्या उमरावांनी लिहिलेल्या बखरींत हे जग जवळपास नाहीच. ते समजतं निवृत्त सैनिकाच्या सनदेवरून, गावच्या अधिकाऱ्याच्या लेखावरून, मैलाच्या दगडावरून. तिथे मॉमसेनला कोणाला नायक करावं लागत नाही, म्हणून मला तो खंड पहिल्या तिन्हींपेक्षा प्रामाणिक वाटतो.

नागरिक म्हणूनही तो गप्प बसला नाही. त्याचाच सहकारी इतिहासकार ट्राइट्श्के याने १८७९मध्ये ज्यूंविरुद्ध लिहिलं, तेव्हा १८८०मध्ये मॉमसेनने त्याला जाहीर उत्तर दिलं. जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याच्या धोरणावर इतकी कडक टीका केली की बदनामीचा खटला भरला गेला, त्यातून तो सुटला. पण याच माणसाने १८९७मध्ये ऑस्ट्रियातल्या जर्मनांना एका जाहीर पत्रातून चेकांशी कठोर वागायला सांगितलं, आणि तेही हीन शब्दांत. स्वतःच्या राष्ट्राचा प्रश्न आला की पुराव्याची शिस्त कशी गळून पडते, ते तिथे दिसतं. ते पत्र लपवून त्याचं कौतुक करणं मला पटत नाही.

आपल्याकडे वा. वि. मिराशींनी भारतीय कोरीव लेखांच्या 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम'मध्ये कलचुरी, वाकाटक आणि शिलाहारांचे खंड याच शिस्तीने संपादले. शं. गो. तुळपुळ्यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' १९६३चा. इतकं आपल्या भाषेत आणि आपल्या लोकांकडून झालेलं असताना रोज शिलालेखांचे फोटो फिरतात, त्यांवर गाव नाही, ठसा कोणी घेतला ते नाही, आधीचं वाचन कोणाचं तेही नाही. खाली दोन ओळींचा अर्थ आणि त्यावर तीनशे जणांची भांडणं. माझी विनंती आहे, यापुढे लेखाचा फोटो टाकाल तेव्हा गाव, जागा आणि आधी कोणी वाचलाय, एवढं तरी लिहा. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी कमेंटमध्ये भर घाला, मी एकत्र करून ठेवतो.